आकडा कुणाचा, खाते कुणाचे

आमच्या घरात दर रविवारी सकाळी आठ वाजता एक जहाज संकटात सापडते. दाराशी पेपरवाल्याने पुरवण्या टाकलेल्या असतात, स्वयंपाकघरात उपम्याची फोडणी तडतडत असते, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर आमच्या बाहेरच्या खोलीत शत्रूची माणसे जहाजात घुसतात. मग मला हातातला चहा बाजूला ठेवून तलवार उपसावी लागते.

"लोक निवृत्त झाले की ज्ञानेश्वरी वाचायला घेतात," सौभाग्यवती आतून म्हणतात.

"मीही संन्यासच घेतलाय," मी म्हणतो. आणि ते अगदीच खोटे नाही. त्या खेळात मी जेडाय पंथाचा तपस्वी आहे.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव 2009 पासून टोरंटोला असतात. सुरुवातीला फोनवर बोलायला पुष्कळ असायचे. पुढे पुढे "जेवलास का?" "हो. तुम्ही?" "हो. थंडी आहे का?" "आहे." एवढ्यावर गाडी थांबू लागली. ट्रंक कॉलच्या दिवसांत तीन मिनिटांचे पैसे मोजून आम्ही माणसे याहून अधिक बोलत होतो! तेव्हा गेल्या खेपेला ठाण्यात आला असताना त्याने माझ्या संगणकात हा खेळ घालून दिला. "बाबा, फोनपेक्षा इथे भेटू," म्हणाला. खेळाचे नाव 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक'. बायोवेअर या कंपनीने तो 20 डिसेंबर 2011 रोजी लोकांना खुला केला, आणि 2012 च्या नोव्हेंबरपासून काही मर्यादेपर्यंत तो फुकटही खेळता येतो. फुकट म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. आमच्या सकाळच्या आठला तिकडे शनिवारच्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, थंडीच्या दिवसांत साडेनऊ. सूनबाई आणि नातू झोपलेले असतात. मग आम्ही बापलेक त्या जहाजावर भेटतो.

ज्यांच्या घरी हे वेड अजून शिरलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या खेळात शिरताना आपण एक सोंग घ्यायचे. एका बाजूला प्रजासत्ताक, दुसऱ्या बाजूला साम्राज्य. दोन्हीकडे चार-चार, अशी आठ सोंगे. मी तपस्वी झालो, मुलगा स्मगलर झाला. बापाने संन्यास घेतला आणि मुलाने चोरटा व्यापार मांडला, हा योग आमच्या घराण्यात पहिलाच. सोंगे नुसती मारामारी करीत नाहीत, बोलतातही. समोरचे पात्र काही म्हणाले की आपल्यापुढे उत्तरे येतात, बहुधा तीन. एक सज्जनाचे, एक दुर्जनाचे, आणि एक आपल्यासारख्या मधल्या माणसाचे. त्यातले एक निवडायचे, की आपले पात्र खणखणीत आवाजात बोलू लागते. पुण्याचे केले तर प्रकाशाच्या खात्यावर गुण जमा, पापाचे केले तर अंधाराच्या.

पण दोघे मिळून खेळताना उत्तर कुणाचे धरायचे? इथे त्या लोकांनी अशी युक्ती केली आहे की मी पहिल्या दिवशी थक्कच झालो. दोघांनी आपापले उत्तर निवडायचे. मग प्रत्येकाच्या नावाने फाशासारखा एक आकडा पडतो. ज्याचा आकडा मोठा, त्याचे पात्र बोलते आणि गोष्ट त्याच्या म्हणण्याप्रमाणे पुढे जाते.

आमच्या त्या जहाजाचे नाव एसेलीस. त्यावर एक वकील बाई आहेत, म्हणजे कोर्टातल्या नव्हेत, परराष्ट्र वकील. त्यांना शत्रूच्या हाती पडू द्यायचे नाही. वाटेत इंजिनखाना लागतो. तिथल्या माणसांना सरळ अवकाशात फेकून दिले तर पुढचा रस्ता लगेच मोकळा होतो. त्यांना वाचवायचे म्हटले तर काम लांबते. पहिल्या रविवारी मी अर्थातच वाचवायचे ठरवले. मुलाने फेकायचे ठरवले.

"अरे, माणसं आहेत ती!"

"बाबा, इथे अकरा वाजत आलेत. उद्या सकाळी मुलाला पोहायला न्यायचंय."

आकडा त्याचा मोठा पडला. इंजिनखान्यातली माणसे गेली. मी सुन्न होऊन पडद्याकडे पाहत होतो, तोच लक्षात आले की पुण्याचे गुण माझ्या खात्यावर जमा झाले आहेत! पाप लागले ते त्याला एकट्याला. घडले त्याच्या मनासारखे. पण माझ्या मनात काय होते, तेही कुठे तरी रुजू झाले. चित्रगुप्ताच्या कचेरीत याहून चोख काम चालत असेल असे मला वाटत नाही. आपल्या संसारात याच्या उलट असते. चौघांनी मिळून एक गोष्ट ठरते आणि पुढे ती बिघडली की "मी तेव्हाच म्हणत होतो" असे प्रत्येक जण म्हणतो. खाते कुणी ठेवलेले नसते.

पुढच्या रविवारी पाहतो तो तेच जहाज, त्याच वकील बाई, आणि इंजिनखान्यात तीच माणसे धडधाकट! मला क्षणभर संगीत नाटकांची आठवण झाली. नायकाने पद संपवावे, पिटातून "वन्स मोअर"चा गजर व्हावा, आणि भर दुःखाच्या प्रवेशात कथानक तिथेच थांबवून त्याने पुन्हा तानेला हात घालावा. प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटत नसे. या खेळांचेही तसेच. आपण मारलेला राक्षस दाराबाहेर उभ्या असलेल्या पुढच्या मंडळींसाठी पुन्हा उठून बसतो, नाही तर त्यांनी यायचे कशाला? प्रत्येकाला वाटायला हवे की जग मी वाचवले. आणि जग तर एकच!

हा पेच जुना आहे, आणि तो सोडवताना लोकांनी काय काय केले ते मुलाने मला सांगितले तेव्हा मी उपमा विसरलो. 1997 च्या सप्टेंबरात 'अल्टिमा ऑनलाइन' नावाचा खेळ सुरू झाला. हजारो माणसे एका यंत्रावर मावेनात, म्हणून त्याच जगाच्या अनेक प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवाव्या लागल्या. आता एका राज्याच्या इतक्या प्रती कशा, याला कथेत उत्तर हवे. तेव्हा कथा अशी रचली की, एका दुष्ट मांत्रिकाचा मणी फुटला आणि त्याच्या तुकड्या-तुकड्यात त्या जगाचे एकेक प्रतिबिंब अडकून राहिले. यंत्राची अडचण पुराणात बसवली! आपल्याकडच्या पुराणिकबुवांनी मान डोलावली असती.

त्याच खेळाचा कर्ता रिचर्ड गॅरियट स्वतः त्या राज्याचा राजा होऊन वावरत असे. खेळ खुला होण्यापूर्वी, चाचणी चालू असताना, 1997 च्या ऑगस्टमध्ये त्याने दरबार भरवला. राजाला काही इजा होऊ नये अशी सोय असायची. ती त्या दिवशी लावायची राहून गेली. गर्दीतल्या एका खेळाडूने आग लावली आणि साक्षात कर्ता प्रजेदेखत गतप्राण झाला! कथेने मात्र तिकडे दुर्लक्ष केले. राजा पुढे चांगला जिवंत राहिला.

मला स्वतःला सर्वात चटका लावून गेली ती 'अ‍ॅशरन्स कॉल' या खेळातली हकिगत. 1999 साली सुरू झालेल्या या खेळात दर महिन्याला कथेचा नवा भाग येई, आपल्या मासिकांतल्या 'क्रमशः' कादंबऱ्यांसारखा. एका महासंकटाला कोंडून ठेवणारे स्फटिक होते. खेळाडूंनी ते फोडावेत, संकट सुटावे आणि पुढच्या प्रकरणात सर्वांनी मिळून त्याच्याशी लढावे, अशी कर्त्यांची योजना. 2000 साली जगाच्या सगळ्या प्रतींत लोकांनी ते फोडले. फक्त एका प्रतीत, तिचे नाव थिसलडाउन, काही खेळाडूंनी विचार केला की हे फोडण्यात शहाणपण नाही. आणि ते उरलेल्या शेवटच्या स्फटिकाभोवती पहाऱ्याला उभे राहिले. फोडायला येणाऱ्यांना मारून लावू लागले. पहारे बदलत होते. एक झोपायला गेला की दुसरा येई.

आता आली का पंचाईत! बाकी सगळीकडे पुढचे प्रकरण तयार, आणि इथे पात्रेच म्हणतात आम्हांला ते नको. लेखकाने काय करावे? शेवटी कर्ते स्वतःच राक्षसाचे रूप घेऊन त्या जगात उतरले आणि त्यांनी पहारेकऱ्यांचा पाडाव केला. स्फटिक फुटला, कथा ठरल्या वाटेने गेली. परंतु नंतर त्याच जगात त्या रक्षकांचे स्मारक उभारले गेले. 31 जानेवारी 2017 ला तो खेळ बंद झाला, तेव्हा त्याबरोबर ते स्मारकही गेले.

"बरोबर केलं का रे त्यांनी?" मी विचारले.

"कथा पुढे न्यायची तर दुसरं काय करणार?"

"पण मग त्या मुलांना निवडीचा हक्क दिलाच कशाला?"

यावर तिकडून उत्तर आले नाही. तिकडे कुणीतरी खोकले, बहुधा नातू.

याला हे प्रश्न आताच पडतात असे नाही. तो चार वर्षांचा होता. आम्ही मे महिन्यात गुहागरच्या आमच्या घरी जात असू. जूनचा पहिला पाऊस कौलांवर वाजू लागला की ओटीवर पडल्या पडल्या मी त्याला चिऊकाऊची गोष्ट सांगायचो. काऊचे घर वाहून गेले, तो चिऊच्या दाराशी आला, की हा उठून बसायचा. "तिने लगेच दार उघडलं असं सांगा." मी तसे सांगितले, की गोष्ट एका मिनिटात संपायची. मग हा रडवेला व्हायचा, कारण गोष्ट संपली. पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागे, आणि पुन्हा त्याच जागी "लगेच उघडलं". निवडही त्याची हवी आणि गोष्टही लांब हवी. बाहेर कण्हेरीजवळ पागोळ्यांचे पाणी साचायचे. त्या वेळी मी कंटाळायचो. आता हे सारे लिहून विकत घेणाऱ्या कंपन्या आहेत म्हणतात.

आमच्या खेळातही हेच दुखणे आहे. त्यातले प्रत्येक पात्र बोलते, आणि आठ सोंगांना पुरुषाचा एक व स्त्रीचा एक असे मिळून सोळा आवाज आहेत. सर्वांना समान असलेले एकच वाक्य सोळा गळ्यांतून उतरवायचे, आणि तेही पुन्हा फ्रेंच व जर्मन भाषांत वेगळे. मूळच्या तीन प्रकरणांपर्यंत आठही कथा स्वतंत्र चालतात. पुढे प्रवाह एकत्र येत गेले, आणि 2015 च्या ऑक्टोबरात आलेल्या भागात तर आठांची मिळून एकच कथा झाली. इतके खर्चाचे गाडे फार दिवस ओढणे कुणालाही जड जावे. नायक पाच वर्षे गोठून पडतो, मुचकुंदासारखा, आणि जागा होतो तो जुने सोबती चहूकडे पांगलेले. या धंद्याला पाच वर्षांची झोप फार मानवते असे दिसते. 'फायनल फँटसी 14' हा जपानी खेळ 2010 साली आला आणि पार आपटला. तेव्हा कर्त्यांनी नोव्हेंबर 2012 मध्ये आकाशातला एक चंद्रच त्या जगावर पाडून ते संपवले, आणि ऑगस्ट 2013 मध्ये नवे जग उघडले ते पाच वर्षांनंतरचे. जुने खेळाडू परत आले तर लोकांना एवढे आठवते की कोणी शूर माणसे आपल्यासाठी लढली होती. चेहरे मात्र आठवत नाहीत. फसलेल्या कामाची कबुली इतक्या सुंदर रीतीने देणारे कारखानदार मी पाहिले नाहीत.

पण मी सोबत्यांविषयी सांगत होतो. आमच्या खेळात प्रत्येकाबरोबर काही सोबती असतात, आणि काही सोबत्यांशी लग्नही लागते. डिसेंबर 2016 च्या भागात असा प्रसंग आणला की, वेट नावाची मुलगी आणि टॉरियन नावाचा तरुण, दोघे एकाच वेळी संकटात, आणि वाचवता येईल एकालाच. कित्येकांनी वेटशी लग्न केलेले! निवड जबरदस्त झाली यात शंका नाही. परंतु पुढे काय? लाखो खेळाडूंपैकी काहींच्या घरी वेट जिवंत, काहींच्या घरी मेलेली. पुढच्या प्रकरणात तिच्या तोंडी महत्त्वाचे काम कसे द्यायचे? दिले तर ज्यांच्याकडे ती मेली आहे त्यांच्या गोष्टीला भोक पडते.

"म्हणून असं होतं, बाबा," मुलगा म्हणाला, "की ज्याला मारायची मुभा दिली, तो वाचला तरी त्याला पुढे फारसं बोलता येत नाही. एखादं वाक्य बोलतो आणि कोपऱ्यात उभा राहतो."

हे ऐकले आणि माझा हात थांबला. कारण आमच्या घरात असा एक विषय कोपऱ्यात उभा आहे.

गुहागरचे ते घर मी 2013 साली विकले. भाऊ थकले होते, मे महिन्यात सुद्धा तिथे कुणी जाईनासे झाले होते, छपराचा खर्च दर वर्षी अंगावर येत होता. गिऱ्हाईक भले होते. मी सह्या करून मोकळा झालो आणि मुलाला आठ दिवसांनी फोनवर सांगितले. तो म्हणाला, "बरं केलंत." तेव्हापासून आमच्या बोलण्यात गुहागर आले की कुणीतरी थंडीचा विषय काढते. माझ्या गोष्टीत ते घर गेलेले आहे. त्याच्या गोष्टीत, मला वाटते, ते अजून आहे, आणि पागोळ्या गळत आहेत. मग त्या घराच्या तोंडी वाक्ये द्यायची तरी कुणी?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आम्ही पुन्हा त्या जहाजावर होतो. इंजिनखान्यापाशी आलो. उत्तरे पुढे आली. मी काही निवडले नाही, त्यानेही निवडले नाही. वकील बाई ताटकळत उभ्या.

"बाबा," तो म्हणाला, "गुहागरचं तुम्ही मला विचारलं असतंत ना, तरी मी 'विका' असंच म्हटलं असतं."

"मग?"

"मग काही नाही. आणि 'नको' म्हटलं असतं, तरी आकडा तुमचाच मोठा पडला असता. घर तुमचं होतं."

"मग रे?"

"माझ्या खात्यावर काहीतरी लिहिलं गेलं असतं, इतकंच."

मी चष्मा काढून पुसला. तो अलीकडे वारंवार पुसावा लागतो. काय बोलावे हे सुचेना, आणि इथे समोर कुणी तीन वाक्ये मांडून ठेवली नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "आठ दिवस आधी सांगायला हवं होतं."

"हं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "ती कण्हेर आहे का अजून?"

"असेल. त्या गृहस्थांचा नंबर आहे माझ्याकडे. विचारतो."

"विचारा. डिसेंबरात येतोय आम्ही. जाऊन येऊ एक दिवस, बाहेरून बघू. याला दाखवायचंय, चिऊचं घर कुठलं ते."

एवढ्यात सौभाग्यवती उपम्याची बशी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहू लागल्या. चार महिने नावे ठेवता ठेवता त्यांना कथानक बहुतेक पाठ झाले आहे.

"अहो, त्या इंजिनातल्या लोकांचं काय केलंत?"

"अजून ठरायचंय," मी म्हणालो.

"त्यात ठरवायचं काय? वाचवा. आणि त्यालाही सांगा, उशीर झाला तर झाला, उद्या रविवार आहे त्याचा."

मी वाचवायचे निवडले. तिकडून त्याने काय निवडले ते दिसत नव्हते. आकडे पडले, माझा अकरा, त्याचा चौऱ्याऐंशी. आणि त्याचा तो स्मगलर, आजवर ज्याने एकदाही सरळ काम केले नव्हते, तो म्हणू लागला की थांबा, आधी माणसे बाहेर काढू.